कुलेशा घराण्याच्या चौदा सुना

झेनॉन कुलेशाची गाडी गल्लीत शिरली की ओल्शिनमधल्या बायका आधी दोरीवरचे कपडे काढत, मग खिडक्या लावत, आणि मग काचेआडून हात हलवून त्याला नमस्कार करत. माणूस सगळ्यांना हवा होता, गाडी कोणालाच नको होती. विस्वा नदीच्या काठचं आमचं हे गाव. चौकाच्या आसपास गटारं आहेत, बाकी सगळीकडे घरामागे मैल्याची टाकी. टाकी भरली की झेनॉनला फोन. तो येई, जाड पाइप अंगणातून ओढत नेई, पंप सुरू करी, आणि तेवढ्या वेळात गाडीच्या पायरीवर बसून कांदा घातलेला खारा हेरिंग मासा पावाबरोबर खाई. तुला इथे घास उतरतो तरी कसा, असं कोणी विचारलं तर म्हणे, "ओळखीच्यांचंच आहे सगळं. परक्यांचं असतं तर नसता उतरला."

धंद्याची लाज त्याला कधी वाटली नाही. आडनाव मात्र जन्मभर नडलं.

साडेचारशे वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या चर्चमध्ये हिएरोनिम कुलेशा नावाचे एक धर्मगुरू होते. दिवसा वेदीपाशी मिसा, म्हणजे चर्चची सामूहिक प्रार्थना, म्हणायचे आणि रात्री घंटाघरावर चढून धूमकेतू मोजायचे. धूमकेतू म्हणजे देवाचा कोप नव्हे, त्याला जायची-यायची ठरलेली वाट आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं आणि त्यावरून युरोपभर गदारोळ झाला. एकदा वर बघता बघता ते जिन्यावरून खाली आले, तेव्हापासून डावा पाय लंगडा. गावात त्यांचा पुतळा आहे, त्यांच्या नावाची शाळा आहे, औषधाचं दुकान आहे, धूमकेतूच्या आकाराचं आल्याचं बिस्कीट आहे. धर्मगुरू असल्यामुळे त्यांना मूलबाळ नव्हतं, निदान चर्चच्या दप्तरात तरी नव्हतं. वंश चालला तो धाकट्या भावाचा. तो कातडी कमावायचा. नगरपालिकेच्या सभागृहात एक मोठा ओक वृक्ष रंगवलेला आहे. बुंध्याशी हिएरोनिमबाबा आणि त्यांचा भाऊ, मग फांदीवर फांदी, पिढीमागून पिढी, आणि पार शेंड्याला, छताच्या ओलीने पोपडे धरलेल्या कोपऱ्यात, एक बारीकसं पान: झेनॉन.

शाळेत तो गणितात दोनदा नापास झाला. तेव्हा मास्तर त्याला कानाला धरून चौकात घेऊन गेले आणि पुतळ्याची माफी मागायला लावली. झेनॉनने मागितली. भर बाजाराचा दिवस होता, बायका अंडी विकायची थांबून बघत होत्या. पुढे तो सैन्यात ड्रायव्हर झाला, मग सरकारी शेतावर ट्रॅक्टर चालवू लागला. राज्य बदललं, सरकारी शेत बुडालं, तेव्हा तिथला शेणखताचा जुना टँकर कोणी घेईना म्हणून त्याने घेतला, आणि दारावर पांढऱ्या रंगात हातभर अक्षरांत लिहिलं: कुलेशा.

त्याची बायको लुत्सिना पोस्टात नोकरीला होती. तिचं माहेरचं आडनाव कापुस्ता, म्हणजे कोबी. लहानपणापासून तिने त्या आडनावापायी जे सोसलं ते तिलाच ठाऊक. झेनॉनने मागणी घातली तेव्हा तिने विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही. तीस वर्षं ती प्रत्येक अर्जावर आपलं नाव सावकाश, वळणदार अक्षरात लिहीत आली. एकुलती एक मुलगी क्लाउडिया डब्लिनला गेली होती. तिथे कोणाला कुलेशा म्हणजे कोण हे माहीत नव्हतं, आणि ती त्यात सुखी होती.

झेनॉन अठ्ठावन्न वर्षांचा होता त्या हिवाळ्यात फादर वीत यांनी चर्चच्या फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकायचं मनावर घेतलं. फादर पोक्त, संधिवाताचे. थंडीत त्यांचं प्रवचन गुडघ्यांमुळे आखूड व्हायचं, ते गावाला आवडायचं, पण त्यांना नाही. फरशी उखडली आणि संत आनाच्या वेदीपाशी दोन म्हाताऱ्यांचे सांगाडे निघाले. एकाच्या डाव्या मांडीचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलेलं होतं. दुसऱ्याचंही होतं. त्या काळी चर्चचे जिने तसेच होते.

राजधानीहून डॉ. अदेला व्रोन्स्का आल्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, हाडांवर काम करणाऱ्या. त्यांनी सांगितलं, हाडातून एक धागा काढता येतो, जो बापाकडून मुलाकडे, मुलाकडून त्याच्या मुलाकडे जसाच्या तसा जातो. हिएरोनिमबाबा आणि त्यांचा भाऊ एकाच बापाचे. तेव्हा भावाच्या वंशातला कोणी पुरुष मिळाला, तर कोणता सांगाडा बाबांचा ते लगेच कळेल. आहे का कोणी?

नगराध्यक्ष माझूर यांचा चेहरा उतरला. आहे, ते म्हणाले, एक जण आहे.

माझूर आणि अदेलाबाई त्याच्या घरी गेले तेव्हा झेनॉन अंगणात पाइप धूत होता. माझूर एरवी त्याला "ए झेनेक" म्हणत. त्या दिवशी ते फाटकाबाहेरूनच म्हणाले, "कुलेशासाहेब, येऊ का आत?"

झेनॉनने मागे वळून पाहिलं, आपले वडील उठून आले की काय.

अदेलाबाईंनी कापसाची काडी काढली. "तोंड उघडा. गालाच्या आतून फिरवते. जेवलात कधी?"

"आत्ताच. हेरिंग."

"मग अर्धा तास थांबू."

"थांबा की," झेनॉन म्हणाला. "तुमचा माणूस साडेचारशे वर्षं थांबलाय."

निकालाला दोन महिने लागणार होते, पण गाव कशाला थांबतंय. वर्तमानपत्रात झेनॉनचा पुतळ्याशेजारचा फोटो आला. नाक हुबेहूब आहे यावर एकमत झालं, वास्तविक पुतळ्याचं नाक शंभर वर्षांपूर्वी गारपिटीत तुटून नवं बसवलेलं आहे. चर्चमध्ये त्याला पहिल्या बाकावर जागा मिळाली. लुत्सिनाने हॅट घेतली. शाळेतल्या मुलांनी त्याला बोलावून विचारलं, धूमकेतू म्हणजे काय? झेनॉन म्हणाला, "रात्रपाळीवाला." मुलांनी ते वहीत लिहून घेतलं.

अडचण एकच झाली. लोक त्याला टाकी उपसायला बोलवायला संकोचू लागले. हिएरोनिमबाबांच्या रक्ताचा माणूस, त्याला आपल्या संडासामागे कसं उभं करायचं? आणि वर माझूरनीही सुचवलं की निकाल लागेपर्यंत टँकर रस्त्यावर दिसला नाही तर बरं, निदान त्यावरचं नाव तरी झाका. झेनॉनने झाकलं नाही, पण फोनच येईनात, म्हणून गाडी अंगणात उभी राहिली. मार्चपर्यंत गावाला त्याची किंमत नाकाने कळली. गिरणीवाल्याच्या बायकोने रडत फोन केला, "साहेब, माफ करा, पण आता अंगणातून कोंबड्याही जाईनात."

"साहेब कशाला," झेनॉन म्हणाला. "झेनेक म्हण आणि फाटक उघडं ठेव."

एप्रिलमध्ये निकाल लागला. झेनॉनचा धागा दोन्ही सांगाड्यांपैकी कोणाशीच जुळला नाही.

माझूर दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. संग्रहालयाची पाटी रंगवून झाली होती, बिशपांना तारीख दिली होती. तिसऱ्या दिवशी ते सावरले आणि झेनॉनच्या घरी आले, खसखशीचा केक घेऊन. "सांगाडे कोणाचे का असेनात," ते लुत्सिनाला म्हणाले, "बाबांचा खरा तुकडा आता गावात एकच उरला. तुमचे यजमान."

"तुकडा," लुत्सिना म्हणाली, आणि तिने केकवर सुरी चालवली.

मग झेनॉनचं कौतुक दुपटीने वाढलं. न्हाव्याच्या दुकानात त्याचे कापलेले केस झाडून टाकावेत की जपून ठेवावेत, असा न्हावी क्षणभर विचारात पडे. उन्हाळाभर असं चाललं. झेनॉनला ते अंगावर घट्ट बसलेल्या कोटासारखं वाटे, पण लुत्सिनाला इतकं आनंदात त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, म्हणून तो कोट घालून राहिला.

सप्टेंबरात अदेलाबाईंचा फोन आला, सगळ्यांना एकत्र बोलवा. सभागृहात, रंगवलेल्या झाडाखाली, माझूर, फादर वीत, झेनॉन आणि लुत्सिना बसले.

"हिएरोनिमबाबांचा एक ग्रंथ आहे," अदेलाबाई म्हणाल्या. "युद्धात स्वीडिश लोकांनी लुटून नेला होता, आजही तिकडेच आहे. आकडेमोडीचा. बाबा तो रोज हाताळायचे. त्याच्या पानांच्या बेचक्यात केस सापडले, चार. त्यांतले दोन एकाच माणसाचे आहेत, आणि मोडक्या मांडीच्या पहिल्या सांगाड्याच्या दाताशी ते तंतोतंत जुळतात. त्याच सांगाड्याच्या कवटीवर, भुवईपाशी, जुन्या जखमेची खूणही आहे. बाबांच्या चित्रात असते तीच. माझ्या मनात शंका नाही. ते तेच आहेत."

माझूर उठून उभे राहिले, परत बसले, परत उठले. फादरनी क्रूसाची खूण केली.

लुत्सिनाच्या ध्यानात आधी आलं. "पण मग झेनेक त्यांच्याशी जुळला कसा नाही?"

अदेलाबाईंनी चष्मा काढून पुसला.

"भावापासून झेनॉनसाहेबांपर्यंत चौदा पिढ्या आहेत. चौदा लग्नं. त्यात कुठे तरी एकदा... कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे असणार."

फादर खोकले. तो खोकला थंडीचा नव्हता.

"कुठे तरी म्हणजे कुठे?" लुत्सिना म्हणाली. "कोणाच्या वेळी?"

"ते सांगता येत नाही. चौदांपैकी कोणीही असेल."

"सासूबाईही धरल्यात त्यात?"

"धराव्या लागतात."

झेनॉन पहिल्यांदाच बोलला. "माझी आई नाही. तिला बापाकडेच बघायला वेळ नव्हता. दुसऱ्याकडे कधी बघणार होती?"

माझूरना हसू आवरेना, आणि ते हसू झेनॉनच्या बोलण्याचं नव्हतं. मैल्याचा टँकर हिएरोनिमबाबांच्या घराण्यातून एका वाक्यात बाहेर गेला होता आणि हाडं हाती आली होती. "बरं झालं, ए झेनेक," ते म्हणाले, "म्हणजे, शास्त्राचं बरं झालं." मग त्यांनी वर शेंड्याकडे पाहिलं. "ते झाड मात्र दुरुस्त करावं लागेल."

घरी आल्यावर लुत्सिनाने आरशासमोर हॅट काढली. हॅट तिने कपाटावर ठेवली, पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि खोक्याला दोरी बांधली. रात्रीच्या जेवणाला बीटाचं सूप वाढताना म्हणाली, "शेवटी मी कोबीची कोबीच."

झेनॉनला तिच्यासाठी वाईट वाटलं. स्वतःचं विचारलं तर त्याला झोप इतकी गाढ लागली की सकाळी तिने हलवून उठवलं. गणितात नापास होण्याला आता कारण होतं. मास्तर जिवंत असते तर तो सांगायला गेला असता.

गावाने मात्र हात धुऊन घेतले. दारूच्या गुत्त्यात पैजा लागल्या, कोणत्या सुनेने घोटाळा केला. कोणी म्हणे, स्वीडिश सैन्य आलं तेव्हाची असणार. कोणी म्हणे, गिरणीवाला तेव्हाही होताच की. झेनॉन दारात दिसला की हसणं बंद व्हायचं आणि तो गेला की दुप्पट सुरू व्हायचं. एकदा तो मुद्दाम थांबला आणि म्हणाला, "पैज लावायची तर नाव घेऊन लावा. नावं माहीत आहेत का कोणाला?"

कोणालाच नव्हती. त्यालाही नव्हती. घरी जाताना ही गोष्ट त्याला टोचत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो सभागृहात गेला, शिडी मागून घेतली आणि झाडावर चढला. पुरुषांची नावं सोनेरी अक्षरांत होती. बायकांची त्यांच्या खाली, मुंगीएवढी, भुरकट रंगात, सोबत एखादी ओळ माहिती. पाच ठिकाणी तर नावच नव्हतं, नुसती बायको. झेनॉनने चष्मा लावून एकेक वाचली आणि हेरिंगच्या कागदावर उतरवून घेतली. आग्न्येश्का, बाळंतपणात गेली, वय एकोणीस. दोरोता, अकरा मुलं, त्यांतली नऊ पुरली. उर्शुला, नवरा तुर्कांशी लढायला गेला तो सहा वर्षांनी आला; मधल्या सालात एक मुलगा. या ओळीवर झेनॉन थोडा थांबला. आणि मारियाना, सतरा वर्षांची, दिली होती त्रेसष्ट वर्षांच्या कुलेशाला, तिसरी बायको म्हणून; दुसऱ्या वर्षी मुलगा.

त्रेसष्ट. झेनॉन स्वतः त्या वयाच्या जवळ आला होता. त्याने सतरा वर्षांची क्लाउडिया डोळ्यांपुढे आणली. आणि मनातल्या मनात म्हणाला, तू असशील तर शाब्बास.

खाली माझूर आले होते. सोबत रंगारी, हातात ब्रश. "झेनेक, उतर. वरचा भाग पांढरा करायचाय."

"कुठपर्यंत?"

"म्हणजे, जिथून... बिघडलं तिथून वर."

"कुठून बिघडलं?"

माझूर झाडाचा बुंधा न्याहाळू लागले.

"तुम्हाला ठाऊक नाही," झेनॉन शिडीवरून म्हणाला. "मी उर्शुलापासून पुसा म्हटलं आणि ती निर्दोष निघाली, तर एका बाईची बदनामी भिंतीवर रंगवली असं होईल. खालून सगळं पुसा म्हणाल तर बाबांचा सख्खा भाऊही जाईल. तेव्हा ठरवून या. मी शिडी धरून ठेवतो."

रंगाऱ्याने माझूरांकडे पाहिलं. माझूरनी छताकडे पाहिलं. झाड आजही आहे तसं आहे.

हिएरोनिमबाबांना पुन्हा पुरायचा सोहळा पुढच्या मे महिन्यात झाला. बिशप आले, मंत्री आले, दूरदर्शनची गाडी आली, आणि बाहेरगावचे दीड हजार लोक आले. झेनॉनला आमंत्रण होतं, सतराव्या रांगेचं. तो गेलाच नाही. अंगणात बसून पंपाचा पट्टा बदलत होता. दहा वाजता माझूरांचा फोन आला.

"कुलेशासाहेब."

झेनॉनला कळलं काय झालं असेल ते. पाहुण्यांची सोय फादरांच्या घरात केली होती, आणि त्या घरची टाकी एक पाद्री आणि एक स्वयंपाकीण एवढ्यांच्या हिशेबाने बांधलेली. ती भरून वर आली होती आणि चर्चच्या पायऱ्यांकडे निघाली होती. तासाभरात शवपेटी आणि बिशप त्याच पायऱ्यांवर पोचणार होते.

"येतो," झेनॉन म्हणाला. "पण गल्ल्या पोलिसांनी बंद केल्यात. चौकातूनच यावं लागेल."

"चौकातून मिरवणूक आहे."

"मग पायऱ्या धुवायला माणसं लावा."

"या," माझूर म्हणाले.

लुत्सिनाने खिडकीतून विचारलं, कुठे निघालास? त्याने सांगितलं. ती आत गेली, खोक्याची दोरी सोडली, हॅट घातली आणि गाडीत येऊन त्याच्या शेजारी बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या गाडीत बसली होती.

अशी ती मिरवणूक निघाली: पुढे अग्निशामक दलाचा बँड, मग सहा घोड्यांच्या गाडीवर शवपेटी, मग बिशपांची काळी मोटार, आणि तिच्या मागे, माणसाच्या चालीने, धुऊन पुसून लख्ख केलेला टँकर, दारावर हातभर अक्षरं. लोकांनी टोप्या काढल्या. काहींनी मग नाकाशी धरल्या. दूरदर्शनचा निवेदक बाहेरगावचा होता. तो गंभीर आवाजात देशाला सांगत होता, "आणि शवपेटीच्या मागोमाग, कुलेशा घराण्याची गाडी." लुत्सिना काचेतून दोन्ही बाजूंना मान तुकवत होती, राणीसारखी. डब्लिनमध्ये क्लाउडियाने ते संगणकावर पाहिलं आणि हसून हसून ती खुर्चीवरून घसरली.

चौकात मंत्र्यांचं भाषण सुरू झालं तेवढ्यात टँकर पुढे निघून गेला, आणि शवपेटी पोचायच्या आत पायऱ्या वाचल्या; तळाचा उपसा मात्र चालूच राहिला. आत मिसा चालू असताना अदेलाबाई मागच्या दाराने बाहेर आल्या आणि झेनॉनच्या शेजारी पायरीवर टेकल्या. त्याने त्यांना अर्धा पाव दिला.

"तुमचा धागा गावातल्या कोणाशी जुळतो का, ते बघता येईल," त्या म्हणाल्या. "वीस-पंचवीस घरांचे नमुने घेतले तर."

झेनॉनने पंपाचा आवाज ऐकला, झडप थोडी आवळली. "नको. वीस-पंचवीस घरांच्या टाक्या मीच उपसतो. नातं निघालं तर फुकट करा म्हणतील."

नंतरच्या सोमवारी तो फादर वीत यांच्या कचेरीत गेला. आमच्याकडे मिसा कोणाच्या तरी नावाने सांगता येते, आणि ते नाव रविवारी वेदीवरून वाचतात. झेनॉनने हेरिंगचा वास येणारा कागद पुढे केला. नऊ नावं, आणि खाली पाच वेळा: बायको.

फादरनी कागद वाचला, लांब धरून परत वाचला. "झेनॉन, यांतली एक, तुला माहीत आहे, की..."

"कोणती?"

"ते कुठे कोणाला माहीत आहे."

"मग चौदाही वाचा."

"आणि कोणाकडून म्हणून लिहू?"

"कृतज्ञ झेनॉनकडून."

फादरांचा पेन वहीवर अडकला. "कृतज्ञ कशाबद्दल?"

"फादर, ती सरळ वागली असती तर मी जन्माला आलोच नसतो. कोणी तरी दुसराच आला असता. गणितात हुशार, आणि तुमची टाकी मग कोणी उपसली असती?"

फादरनी लिहून घेतलं.

त्या रविवारी चर्च नाताळसारखं भरलं होतं. फादरनी नऊ नावं नीट, सावकाश वाचली. पाच अनामिकांपाशी आले तेव्हा त्यांना काय म्हणावं कळेना, म्हणून त्यांनी पाच वेळा बायको म्हटलं, प्रत्येक वेळी थोडं थांबून. मागच्या बाकावरचे गुत्तेवाले हसायच्या तयारीने आले होते. कोणी हसलं नाही. पायांखालची फरशी कोमट होती, आणि गिरणीवाल्याची म्हातारी आई उघड डोळे पुसत होती, कशासाठी ते तिने सुनेलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फादरांच्या कचेरीत बायका येऊ लागल्या. एक आजीच्या नावाने मिसा सांगून गेली, एक मावशीच्या, एक पणजीच्या. कारणाच्या रकान्यात प्रत्येकीने नुसतं कृतज्ञ एवढंच लिहायला लावलं. फादर विचारायच्या भानगडीत पडले नाहीत. ऑक्टोबर संपायच्या आत त्यांची वही पुढच्या ईस्टरपर्यंत भरली, आणि माझूरांची आई आली तेव्हा तिला ईस्टरनंतरची तारीख घ्यावी लागली.